दिवा आणि जाग

आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस, घरांतील सर्व दिवे चिंचेनें व रांगोळीनें घांसून, पाटावर मांडून त्यांची पूजा करण्याचा परिपाठ आमच्या हडपसरच्या घरीं अद्याप चालू आहे. यंदा समई, निरांजनें व लामणदिवा यांच्या शेजारीं सूनबाईंनीं आपली कांचेच्या पेल्यांतील सुगंधी मेणबत्तीहि आणून ठेविली. आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळावर आठी उमटली. "देवापुढें चरबी कशाला?" एवढेंच त्या बोलल्या.

निवाड्याचें काम अर्थात् आमच्याकडे आलें. आयुष्य वर्गांत बोलण्यांत गेलें. ती खोड सहजीं सुटत नाहीं. आम्हीं सांगितलें कीं हा आक्षेप एके काळीं निराधार नव्हता. जुन्या स्वस्त मेणबत्त्या गुरांच्या चरबीच्याच असत. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं चरबीच्या घटकद्रव्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्या शोधांतून कमी धुराच्या स्टिअरीनच्या मेणबत्त्या निघाल्या. पुढें पॅराफिन आलें. हल्लींच्या बहुतेक साध्या मेणबत्त्या त्याच्याच असतात, व तें खनिज तेलापासून काढतात. सबब मेणबत्ती अपवित्र नव्हे. परंतु समईची बरोबरीहि तिला साधणार नाहीं. समईला निगा लागते, मेणबत्ती एकदां पेटविली कीं काम संपलें! हें शेवटचें वाक्य आमचें आम्हांसच फार आवडलें.

त्यानंतर आठवड्याच्या आंतच, श्रावणांतल्या एका रात्रीं पावसांत वीज गेली. दूरवर मगरपट्ट्याच्या उंच इमारती लखलखत होत्या, आणि आमची आळी काळोखांत बुडाली होती. आम्हांस एका श्लोकाचा अन्वय पाहावयाचा होता. एक साधी मेणबत्ती पेटविली, मेणाचे दोन थेंब मेजावर गाळून त्यांवर ती उभी केली, आणि वाचतां वाचतां खुर्चींतच आमचा डोळा लागला.

जाग आली ती सूनबाईंच्या हांकेनें. "बाबा, मागें सरा!" मेणबत्ती बुडापर्यंत जळून मेजाला लागली होती, आणि कडेला ठेवलेली आमच्या टिपणांची वही पेटली होती. आम्हीं पाण्याचा तांब्या उचलला. त्यांनीं आमचा हात धरला, स्वयंपाकघरांतून परात आणली, आणि ज्वाळेवर पालथी घातली. क्षणांत सारें शांत झालें. जळत्या मेणावर पाणी पडलें म्हणजे त्याची एकदम वाफ होऊन पेटतें मेण चहूंकडे उडतें. वरून झांकलें म्हणजे हवा न मिळून आग आपोआप मरते. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण त्या घटकेस आठवलें तें सूनबाईंना.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या मेणबत्तीपाशीं विद्यार्थी होऊन बसलों. नव्या पेल्यांतली मेणबत्ती प्रथम पेटवितांना वरचें मेण कडेपर्यंत वितळेतों जळूं द्यावी. पेल्याच्या रुंदीच्या दर इंचास सुमारें एक तास लागतो. मध्येंच मालविली तर मधोमध विहीर पडते आणि कडेचें मेण वायां जातें. दर वेळीं पेटविण्यापूर्वीं वातीचा जळका शेंडा कापून ती पाव इंच ठेवावी. वाऱ्याच्या झोतांत ठेवूं नये, चार तासांहून अधिक सलग जाळूं नये, आणि तळाशीं अर्धा इंच मेण उरलें कीं तिला निरोप द्यावा. विझवितांना फुंकर न मारतां झांकण ठेवावें.

वात आंखूड कां, याचें उत्तर ज्योतीच्या स्वभावांत आहे. वितळलेलें मेण वातींतून वर चढतें, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. वात लांब झाली कीं मेण गरजेहून अधिक ओढलें जातें, तें पुरतें जळत नाहीं, व काजळी धरते. मायकेल फॅरडे यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, तीं या मेणबत्तीवरच. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला पेटती काडी लावली असतां ज्योत धुरावरून उडी घेऊन वातीवर येते, हें त्यांनीं तेथें करून दाखविलें.

ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानीं आलें कीं हें तर आमच्या मातोश्रींचेंच शास्त्र! काजळी झाडावी, वात बेतानें पुढें सारावी, वारा आड करावा, दिव्याला फुंकर मारूं नये. त्यांचा नंदादीप रात्रभर तेवे खरा. पण तो दगडी कोनाड्यांत असे, आणि वीस माणसांच्या त्या घरांत कोणी ना कोणी जागेंच असे. कोणी तान्ह्याला पाजीत असे, कोणी दम्यानें खोकत असे, कोणी पहांटे काकडआरतीसाठीं उठे. दिवा जागे, कारण घर जागें होतें. आम्हीं दिव्याचा हक्क तेवढा लक्षांत ठेविला, जागण्याचा विसरलों. ज्योत समईची असो वा मेणबत्तीची, जागतें माणूस जवळ असेल तरच तिनें घरांत राहावें.

मेजावर काळें वर्तुळ उमटलें आहे. चिरंजीव म्हणतात, रंधा मारून घेऊं. आम्हीं नको म्हटलें. आमच्या सौभाग्यवतींनीं मेणबत्तीला देवघरांत अद्याप जागा दिलेली नाहीं, आणि तो त्यांचा अधिकार आहे. मात्र सूनबाईंच्या पेल्याशेजारीं वात कापावयाची लहान कातर आतां असते, ती त्यांनींच आणून ठेविलेली आहे.