धुराचे तीन रंग

कानडीत धुराला ‘होगी’ म्हणतात. शाळेत चार इयत्ता हिंदी शिकलेल्या माणसाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते. आमच्या बेळगावच्या गॅरेजांत मात्र तो फार गंभीरपणे उच्चारला जातो. ‘करी होगी’, ‘बिळी होगी’ आणि ‘नीली होगी’: काळा धूर, पांढरा धूर, निळा धूर. क्रियापद मराठी, नाम कानडी, सुट्या भागांची नावे इंग्रजी आणि शिव्या ज्याच्या त्याच्या मातृभाषेत, अशी ही बोली. सीमेचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. इंजिन बिघडले की सगळे एकाच भाषेत बोलतात.

या गावाला लोखंडाची सवयही जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर इथेच घडू लागले, आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. ते गेले तरी लोखंड गेले नाही. आज उद्यमबागेत सकाळी फेरफटका मारला तर ओतकामाचा वास आणि लेथची घरघर सोबतीला असतेच.

आमच्या आण्णांची तीनचाकी मालगाडी या साऱ्या परंपरेच्या तळाशी कुठेतरी बसणारी. आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. १९९९ साली त्यांनी ती घेतली. मागे लोखंडी हौदा, एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे डिझेल इंजिन, आणि आवाज असा की घरात वहिनी चहाचे आधण ठेवायला त्याचाच अंदाज घेत. गल्लीत तिला सगळे ‘टेंपो’च म्हणत. टेंपो हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. ते आपल्याकडे आले आणि पुढे माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला चिकटले. आण्णांच्या गाडीचा त्या कारखान्याशी काडीचा संबंध नव्हता, पण नाव मिळाले ते मिळाले.

ही गाडी डांबरी रस्त्यावर फार थोडी चालली. येळ्ळूरच्या शिवारातल्या आमच्या तुकड्याकडे जाणारी पाणंद एवढी अरुंद, की ट्रॅक्टरला ट्रॉली लावून वळायचे म्हटले तर दोन्हीकडच्या बांधांची माफी मागावी लागते. काळी जमीन, पावसाळ्यात चिखल आणि सुगीत पिठासारखी धूळ. तीनचाकीचे पुढचे एकुलते चाक मऊ मातीत रुतते. तेव्हा हौद्यात मागे दोन पोती ठेवायची की पुढे, हे आण्णांना बरोबर ठाऊक होते. गुडघे गेल्यापासून शेतावर जायचे ते याच गाडीने. ती नसेल तर शेत नाही, आणि आण्णा शेतावर जायचे थांबले की प्लॉटवाले दारात उभे, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हते, पण सर्वांना माहीत होते.

२०१३ च्या सुगीत गाडीने धूर धरला. पाणंद चढून ती वर आली की मागचे भात दिसेनासे व्हायचे. दोन गॅरेजांत दाखवली. दोघांनीही दुरूनच पाहून सांगितले, ‘‘इंजिन बांधायला पाहिजे.’’ नवा सिलिंडर, नवा पिस्टन, वीस हजारांच्या आसपास. मुलाने हिशेब मांडला, की भंगारात घातली तर उलट काही हाती तरी येईल. आण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही थोडेच.

मग आम्ही वडगावच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले.

‘‘आण्णा, होगी कसली?’’

‘‘निळी.’’

‘‘सकाळी चालू करताना एकदा येऊन जाते, की चढाला सारखी येते?’’

‘‘चढाला. माल भरला की जास्तच.’’

‘‘मग बसा की. घाई कशाला करायची?’’

त्या बसण्यात मेस्त्रींनी मला जे समजावले, ते एखाद्या पाठासारखे लक्षात राहिले आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. हवा कमी पडली किंवा डिझेल जास्त झाले की पुरते जळत नाही. तो काळा धूर. दाब कमी पडला किंवा फवारा अवेळी उडाला की डिझेल न जळताच वाफेसारखे बाहेर येते, तो पांढरा. आणि इंजिनाला वंगण म्हणून घातलेले ऑइल वर चढून जळू लागले की निळा. व्हॉल्व्हच्या गाइडमधून ते उतरत असेल तर रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिला भपकारा निळा टाकायचा. पिस्टनच्या रिंगा थकल्या असतील तर ओझ्याखाली सारखा धूर यायचा. प्रश्न विचारण्यातच अर्धी तपासणी झाली होती.

उरलेली अर्धी त्यांनी हातांनी केली. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे टोपण काढले, तर हुक्क्यासारखे भपकारे येत होते. रिंगांवरून गॅस खाली उतरत होता. निदान ठरले असे मला वाटले; पण मेस्त्री तिथे थांबले नाहीत. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप त्यांनी सोडवला, आत बोट फिरवले आणि ते बोट आण्णांपुढे धरले. बोटावर पाणंदीची काळी धूळ होती. पाइपाला खालच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर गेली होती.

‘‘हे बघा, आण्णा. फिल्टर वरनं पाळी राखतोय आणि चोर मागच्या दारानं आत.’’

मातीतला गारेचा कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतो. तो फिल्टरच्या तेलात अडकायला हवा. चिरेतून सरळ आत गेला की सिलिंडर आणि रिंगा यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखा घासत राहतो. त्या दोन गॅरेजांपैकी कुठेही इंजिन बांधले असते, तरी तोच पाइप पुन्हा बसला असता, आणि पुढच्या सुगीला नवा सिलिंडरही त्याच वाटेने गेला असता.

हेड उतरवले, सिलिंडर काढला. ऑइल रिंग काजळी धरून खाचेतच चिकटली होती. सिलिंडर उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन डायल गेजने मोजला. झीज होती, सर्वांत जास्त वरच्या टोकाला, जिथे रिंगा थांबून परत फिरतात. पण ती मर्यादेत होती. बोअर वाढवायची गरज नव्हती. हलके होनिंग करून आत तिरक्या रेघा पाडल्या, म्हणजे तेल धरून राहते. नव्या रिंगा आणल्या. प्रत्येक रिंग आधी रिकाम्या सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांतली फट मेस्त्रींनी फीलर गेजने तपासली, आणि पिस्टनवर चढवताना तीन रिंगांची तोंडे तीन दिशांना ठेवली, एका रेषेत येऊ दिली नाहीत. व्हॉल्व्ह घासून बसवले. शेवटी नवा रबरी पाइप, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. सगळा खर्च आधीच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही आला नाही.

पहिले काही दिवस गाडी हलक्या ओझ्याने चालवायची, असे मेस्त्रींनी बजावले होते. आण्णांनी ते पथ्य नव्या सुनेला सांभाळावे तसे सांभाळले. तोवर भाताची पोती शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आली. मग एका सकाळी भरल्या हौद्यानिशी गाडी पाणंद चढली, आणि मागचे शिवार शेवटपर्यंत दिसत राहिले.

मला राहून राहून वाटते ते त्या बोटभर चिरेचे. धूर सगळ्या गावाला दिसतो, त्यावर सल्लाही सगळे गाव देते. धूळ मात्र मुकाट्याने आत जात असते, आणि तिचा माग काढायला कुणीतरी पाइपात बोट घालावे लागते. आपल्याकडे दुरुस्ती म्हटले की ‘नवे घाला’ हा सल्ला आता चटकन मिळतो. ‘हे का झाले?’ असे विचारणारा मेस्त्री विरळा. तो मराठी बोलतो की कानडी, हे त्यावेळी आमच्या ध्यानातही आले नव्हते.

मेस्त्री आता नाहीत. गाडी मात्र त्यानंतरही बरीच वर्षे पाणंदीवर चालली. दर खंडेनवमीला आण्णा तिला झेंडूचा हार घालत. पण त्याआधी फिल्टर उघडून जुने तेल ओतून टाकत, नवे खुणेपर्यंतच भरत, आणि पाइपाच्या खालच्या बाजूने सावकाश बोट फिरवून पाहत. बोट कोरडे आणि स्वच्छ निघाले, की मग हळदीकुंकू.