लाल फिल्टरमधला लाल डाग

गुरूचा अस्त असला की आमचा धंदा बसतो. पाटोद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. (आदर्श गाव म्हणून गाजलेलं पाटोदा वेगळं, ते छत्रपती संभाजीनगरकडचं. आमचं पाटोदा बीड जिल्ह्यातलं, बालाघाटावरचं, तालुक्याचं.) लग्नं, साखरपुडे, जावळं, शाळेचे ग्रुप फोटो आणि दिवसभर पासपोर्ट साइज, यावर घर चालतं. गुरू किंवा शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासे झाले की पंचांगातले मुहूर्त विरळ होतात आणि आमच्या डायरीची पानं कोरी राहतात. वडिलांकडून स्टुडिओ हाती आला तेव्हापासून मी गुरूला असा हिशेबाच्या वहीतून ओळखत होतो.

तो डोळ्यांनी नीट पाहिला २०२० च्या डिसेंबरात. २१ तारखेला संध्याकाळी गुरू आणि शनी पश्चिमेला इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना जवळपास एकच ठिपका वाटावा. त्या वर्षी टाळेबंदीनं आमची लगीनसराई बुडाली होती, कॅमेरे कपाटात पडून होते. एक बॉडी काढली, तीनशेची लेन्स चढवली, ट्रायपॉड गच्चीवर नेला. एक्स्पोजर थोडं लांबवल्यावर गुरूच्या बाजूला त्याच्या चंद्रांचे बारीक ठिपके उमटले. लग्नातली लेन्स ते दाखवू शकते, याचा मला फार आनंद झाला. त्या रात्री मोबाइलवर गुरूबद्दल वाचता वाचता जुनो यानापर्यंत पोहोचलो.

जुनो हे नासाचं यान ५ ऑगस्ट २०११ ला उडालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरूभोवती फिरू लागलं. त्याच्यावर जुनोकॅम नावाचा कॅमेरा आहे. यानाची मुख्य कामं वेगळीच: गुरूचं गुरुत्व, चुंबकीय क्षेत्र, ढगांखालचं पाणी मोजणं. हा कॅमेरा मात्र सर्वसामान्य लोकांसाठी म्हणून बसवला. चित्रं तयार करणारी पगारी माणसांची मोठी फौज मोहिमेच्या लोकांनी ठेवलीच नाही. कॅमेऱ्यातून आलेला कच्चा माल ते जसाच्या तसा खुला करतात आणि जगातल्या कुणीही तो घ्यावा, त्यावर काम करावं, असं सांगतात. फी नाही, परवानगी नाही, डिग्री विचारत नाहीत. मी फोटोशॉपवर आयुष्य काढलेला माणूस. हे माझ्यासाठीच चाललंय असं मला वाटलं आणि आजही तसंच वाटतं.

पहिली कच्ची फाइल उघडली तेव्हा गुरू दिसला नाही. दिसली एक लांबच लांब करडी पट्टी, १६४८ पिक्सेल रुंद, आणि तिच्यात एकाखाली एक रचलेले १२८ पिक्सेल उंचीचे तुकडे. निळा, हिरवा, लाल, परत निळा, हिरवा, लाल. प्रत्येक तुकड्यात ढगांचा एक कापलेला काठ.

असं का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काम होत नाही. यान स्थिर राहावं म्हणून जुनो स्वतःभोवती फिरत असतं, तीस सेकंदांत एक फेरी. फिरत्या यानावरून साधा फोटो काढला तर तो हलणारच. म्हणून या कॅमेऱ्यात रंगांचे फिल्टर थेट सेन्सरवर पट्ट्यांनी चिकटवलेत आणि यान फिरतं तसतशा त्या पट्ट्या गुरूवरून सरकत जातात; मोबाइलमध्ये आपण पॅनोरमा काढतो तसंच जवळजवळ. एका पिक्सेलएवढं चित्र सरकायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे आमच्या भाषेत तीनशेव्या हिश्शाचं शटर. आणि तिथला उजेड? पृथ्वीवरच्या उन्हाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा. म्हणून सेन्सरवर जमलेला प्रकाशाचा भार यानाच्या फिरण्याच्या वेगानं ओळीओळीनं पुढं सरकवत गोळा करतात. मंडपात लाइट गेल्यावर वरमाला टिपणाऱ्या फोटोग्राफरला या युक्तीचं मोल कळेल.

अडचण पुढंच आहे. एकच ढग निळ्या पट्टीखाली येतो, मग सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त वेळानं हिरव्या पट्टीखाली, मग लाल. गुरूच्या अगदी जवळ असताना यानाचा वेग ताशी दोन लाख किलोमीटरांच्या वर असतो. तेवढ्या वेळात ते वीसेक किलोमीटर पुढं गेलेलं असतं. तीन रंग एकमेकांवर ठेवले की कडांना लाल-निळी झालर येते. ती घालवायला यान त्या क्षणी नेमकं कुठं होतं, कॅमेऱ्याचं तोंड कुठं होतं, लेन्स काठाला किती वाकवते, हे सगळं गणितात धरावं लागतं. ते आकडेही खुले आहेत. जर्मनीतले गणिती गेराल्ड आइश्टेट यांनी यासाठी स्वतःची प्रणाली लिहिली. त्यांची चित्रं पुढं शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत वापरली गेली आणि ते त्या निबंधांचे सहलेखकही झाले. केव्हिन गिल, शॉन डोरन, ब्यर्न योन्सन ही अशी चित्रं घडवणाऱ्यांतली आणखी नावं. मला एवढं गणित येत नाही. पण मोहिमेचे लोक लाल, हिरवी, निळी अशी वेगळी केलेली चित्रंही देतात, आणि तिथून पुढचं सगळं काम फोटो स्टुडिओवाल्याचं आहे: लेयर, लेव्हल्स, कर्व्ह, मास्क.

मी सर्वांत जास्त रात्री घालवल्या त्या सातव्या पेरिजोव्हच्या चित्रांवर. यान गुरूला सर्वांत जवळ भिडतं त्या बिंदूला पेरिजोव्ह म्हणतात. १० जुलै २०१७ च्या त्या फेरीत, आपल्याकडे ११ तारीख उजाडली होती, जुनो लाल डागावरून नऊ हजार किलोमीटर उंचीनं गेलं. लाल डाग म्हणजे पृथ्वीहून मोठं वादळ. त्या वर्षी त्याची रुंदी सोळा हजार किलोमीटरांच्या वर मोजली होती.

तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. निळ्या फिल्टरमध्ये डाग काळाभोर, आजूबाजूच्या ढगांतून उठून दिसणारा. हिरव्यात थोडा फिका. लाल फिल्टरचं चित्र पाहिलं तर डाग जवळपास नाहीसाच. आसपासचे ढग लाल उजेड जितका परत फेकतात तितकाच हाही फेकतो, मग वेगळा दिसणार कसा? त्याचा लालपणा येतो तो निळा उजेड गिळल्यामुळं. हे पुस्तकातून कळणं निराळं आणि रात्री दीड वाजता स्वतःच्या मॉनिटरवर एकेक लेयर बंद-चालू करून बघणं निराळं. चौथा फिल्टर मिथेनचा आहे, ८८९ नॅनोमीटरचा. मिथेन वायू तो उजेड शोषतो, त्यामुळं खालचे ढग काळे पडतात आणि जे उंच असतं ते चमकतं. त्या चित्रात लाल डाग लख्ख पांढरा असतो. म्हणजे त्याचा माथा उंच. चार करड्या चित्रांतून वादळाचा रंगही कळतो आणि उंचीही.

आता रंगाबद्दल. आमचा धंदा रंग बदलण्यावर चालतो हे कुणापासून लपलेलं नाही. अल्बम निवडायला आई आली की काउंटरवर हात ठेवून हळूच म्हणते, “दादा, पोरगी जरा उजळ करा की. तिकडच्यांना दाखवायचंय.” पोरगी खुर्चीत बसून सगळं ऐकत असते. सौताड्याला रामेश्वरच्या दरीत प्री-वेडिंगला जोडपी नेतो. काळा खडक, वरून कोसळणारं पाणी, पावसाळ्यात ते मातीनं तांबूस झालेलं. जोडप्याला पाणी निळं पाहिजे असतं. वर्षानुवर्षं मी करून देत आलो, सगळेच देतात.

गुरूवर काम करताना हाच प्रश्न समोर आला आणि तिथं टाळता येईना. लोकांना माहीत असलेला गुरू, निळ्याजांभळ्या भोवऱ्यांचा, तो रंग वाढवलेला आहे. माणूस खिडकीतून बघेल तर त्याला फिका, सायीच्या रंगाचा, मधे मधे तपकिरी पट्टे असलेला गोळा दिसेल. रंग वाढवण्यात गैर काही नाही. त्यामुळंच ढगांचे थर, प्रवाहांच्या कडा, दोन वादळांमधल्या दोऱ्या डोळ्यांना दिसतात. शास्त्रज्ञही वाढवतात. पण वाढवलंय हे ते चित्राखाली लिहितात. काय केलं, किती केलं, कोणत्या फेरीचं चित्र, मूळ आकडे कुणाचे, चित्र कुणी घडवलं. मीही प्रत्येक चित्राची दोन रूपं ठेवतो, एक डोळ्याला दिसेल त्याच्या जवळचं आणि एक वाढवलेलं, आणि दोन्हींखाली ओळ लिहितो.

एक गोष्ट मी गुरूच्या चित्रावर कधीच करत नाही: आपोआप तपशील भरणारी एआय सॉफ्टवेअर. चेहऱ्याला ती पापण्या काढून देतात, गुरूला ढग काढून देतील. तिथं नसलेला ढग. गुरूवर पन्नासेक किलोमीटर रुंदीचे छोटे पांढरे ढग वर उसळतात आणि त्यांची सावली खालच्या थरावर पडते. मी चित्र शंभर टक्क्यांवर उघडून आधी त्या सावल्या शोधतो. सगळ्या एकाच बाजूला, सूर्याच्या विरुद्ध पडल्या असतील तर ते खरे ढग. सावलीवरून उजेडाची दिशा ओळखणं मला वडिलांनी शिकवलं, फिल्मच्या काळात.

याचा परिणाम दुकानावर झाला. आता मी कुणाच्या चेहऱ्याचा रंग बदलून देत नाही. उजेड नीट करीन, डाग-पुटकुळ्या काढीन, कातडीचा रंग तोच राहील. “मावशी, पोरगी आहे तशीच छान आलीय,” असं म्हणून मूळ फोटो आणि प्रिंट शेजारी ठेवतो. काही गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. ज्या मुलींचे फोटो काढले त्यांच्यातल्या काहींनी नंतर आपल्या बहिणींना माझ्याकडंच पाठवलं.

लाल डागाचं बारा बाय अठराचं प्रिंट काउंटरमागं लावलंय. निराधार योजनेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते बराच वेळ पाहिलं.

“हा गुरू? ज्याचा गुरुवार धरतात तो?”

“तोच, आबा.”

“आन् हे तांबडं?”

“वादळ आहे. आपली अख्खी पृथ्वी त्यात मावेल.”

“कधीपासून चाललंय?”

“दीडशे वर्षांहून जास्त झाली, लोक दुर्बिणीतून बघतायत.”

त्यांनी टोपी नीट केली आणि फोटोला बसले. जाताना त्या चित्राचा एक पोस्टकार्ड साइज मागितला, नातवासाठी. मी दिला, मागं सगळी माहिती लिहून.

जुनोकॅमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कॅमेरा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ती भिडेल. गुरूभोवतीचा किरणोत्सर्गाचा पट्टा भयंकर आहे. यानाचे नाजूक भाग टायटॅनियमच्या पेटीत ठेवलेत, पण या कॅमेऱ्याचं भिंग त्या पेटीबाहेर आहे. आठेक फेऱ्या टिकला तरी खूप, असा अंदाज होता. तो पन्नासच्या वर टिकला. २०२३ च्या अखेरीस मात्र चित्रांत रेघा आणि दाणे इतके वाढले की चित्र वाचता येईना, आणि ३० डिसेंबरला तर गुरूच्या आयो या चंद्राजवळून, दीड हजार किलोमीटरांवरून जायचं होतं. इंजिनिअरांनी कॅमेऱ्यातला हीटर नेहमीपेक्षा खूप जास्त तापवला. सिलिकॉनमध्ये झालेली इजा उष्णतेनं कधी कधी भरून येते, एवढाच आधार. आयो जवळ येईपर्यंत कॅमेरा सुधारला आणि तिथले डोंगर, ज्वालामुखी स्पष्ट आले. कोट्यवधी किलोमीटरांवरून केलेली ही दुरुस्ती. मी ती चित्रं पाटोद्यात, लाइट गेलेली असताना, इन्व्हर्टरवर उघडली.

आणि अस्ताचं म्हणाल तर तो तिकडंही पाळावा लागतो. गुरू सूर्याच्या पलीकडे गेला की यान आणि पृथ्वी यांच्यामध्ये सूर्य येतो, रेडिओ संदेश बिघडतात. आमचे मुहूर्त थांबतात त्याच सुमारास. त्या दिवसांत मी जुन्या फेऱ्यांची चित्रं काढून बसतो, वेळही असतो.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे; तिथल्या मंडळींकडं दुर्बिणी आहेत, सोबत आहे. तालुक्याच्या गावी हे नसतं. पण बीड, पाटोदा, आष्टी, शिरूर, कुठल्याही गावात एक फोटो स्टुडिओ असतो, एक डीटीपीवाला असतो, एमएस-सीआयटी केलेली पोरं असतात आणि शाळेत संगणक असतात. माझं त्यांना सांगणं आहे: फोटोशॉप नसेल तर गिंप फुकट मिळतं. सातव्या पेरिजोव्हपासून सुरुवात करा, लाल, हिरवं, निळं अशी तिन्ही चित्रं वेगळी उतरवून घ्या आणि रंग जुळवायच्या आधी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. काही अडलं तर पाटोद्यात या, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.