काळे तेवढे खोल

मराठीत ‘खोदणे’ आणि ‘कोरणे’ ही दोन क्रियापदे शेजारी नांदत असली तरी त्यांची वृत्ती एक नाही. खोदणाऱ्याचे लक्ष खाली काय सापडते याकडे असते. वर काय ठेवायचे हे कोरणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. विहीर आपण खोदतो, अक्षरे कोरतो. काढून टाकल्यावर जो भाग वर उरतो त्याला आपल्याकडे ‘उठाव’ म्हणतात. (1857 साठीही हाच शब्द आहे, हे वर्गात सांगितले की मुले हटकून हसतात.) गेल्या पावसाळ्यात हिंगोलीतल्या एका सुतारकामाच्या दुकानात काही दिवस माझे जाणे-येणे झाले, आणि या दोन क्रियापदांतला फरक संगणकाला कळत नाही हे डोळ्यांनी पाहायला मिळाले. त्याविषयी लिहायचे आहे.

दुकान मूळचे दारे-चौकटींचे. बाप रंधा-पटाशीवर वाढलेला, मुलगा सीएनसी मशीनवर. मशीनचे रोजचे काम म्हणजे मुख्य दाराच्या फळीवरचा गणपती, देव्हाऱ्याची जाळी, पलंगाच्या डोक्याकडची वेलबुट्टी. या सगळ्यांच्या फाइली तयार मिळतात. अलीकडे मात्र लोक छायाचित्रे घेऊन येतात. नवराबायकोची, पुढाऱ्यांची आणि सर्वांत जास्त, गेलेल्या माणसांची.

यंत्राचे तत्त्व समजायला अवघड नाही. फिरत्या कातणीला, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘बिट’ला, आडवे, उभे आणि खाली-वर असे आकड्यांच्या आज्ञेने हलवायचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1952 साली असे यंत्र प्रथम लोकांना दाखवले गेले, तेव्हा आज्ञा कागदी पट्टीवरच्या छिद्रांत असत. पुढे 1957 मध्ये रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र 176 गुणिले 176 ठिपक्यांच्या रूपाने संगणकात उतरवले. बापाने मुलाचे चित्र आकड्यांत घातले, ही या विद्येची सुरुवात. आमच्याकडे क्रम उलटा, एवढेच.

करड्या छटांच्या छायाचित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 यांपैकी एक आकडा असतो. मशीनसाठी तोच आकडा उंची म्हणून वाचायचा. पांढरे तेवढे वर, काळे तेवढे खोल. उठाव 10 मिलिमीटरचा धरला तर एकेक पायरी मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाची होते. हे समीकरण नवे नाही. 1864 च्या सुमारास वॉल्टर वुडबरी याने छायाचित्र छापण्याची एक रीत काढली होती. तीत साच्याचा जो भाग जास्त खोल तिथे शाई जास्त साठे आणि कागदावर तो भाग जास्त काळा उमटे. तिथे खोली शेवटी पुन्हा काळोखात परत जाई. लाकडात शाई नसते. तिथे खड्डा हा खड्डाच राहतो.

घोटाळा येथे आहे. छायाचित्रात उंची नसतेच; कुठे किती उजेड पडला होता याची ती नोंद असते. काळी मिशी ओठावरून उठून दिसायची ती ओठात नाली होऊन बसते. म्हाताऱ्याचे पांढरे केस डोंगर होतात, तरुणाचे काळे केस दरी. कुंकवाचा लाल रंग करड्यात गडद उतरतो, त्यामुळे सवाष्ण बाईच्या कपाळाला भोक पडते. नाकाखालच्या सावलीचे तर विचारूच नये.

औंढा नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती ज्यांनी सावकाश पाहिल्या आहेत त्यांना मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल. यादवकाळातल्या त्या कारागिराने दगडात फक्त उंची-खोली ठेवली. सावली तो कोरत नाही. ती ऊन रोज येऊन घालते, आणि सकाळची सावली संध्याकाळी दुसऱ्या बाजूला गेलेली असते. कॅमेरा ती एका क्षणाची सावली उचलतो. आणि मशीन त्या उचललेल्या सावलीला पुन्हा दगडातली खोली समजून खणायला घेते. कारागिराने उन्हाला दिलेले काम उन्हाकडून काढून घेऊन कायमचे करून टाकायचे, असा हा प्रकार.

माझे वडील, आबा, 2009 साली गेले. त्यांचे धड म्हणावे असे एकच छायाचित्र घरात आहे, 1998 मध्ये हिंगोलीतल्या स्टुडिओत काढलेले. मागच्या शिक्क्यात अजून ‘जि. परभणी’ आहे, कारण हिंगोली हा जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. थोरल्या भावाने नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी ते सागवानात कोरून घ्यायचे ठरवले, आणि मराठीचा प्राध्यापक मोकळाच असतो या सर्वमान्य समजुतीने ते काम माझ्याकडे आले.

आबांच्या डोक्याला पांढरा पटका होता आणि ते पुष्कळच काळे होते. पडद्यावर फाइल उभी राहिली तेव्हा पटका गढीच्या बुरुजासारखा वर आलेला होता आणि त्याच्या आत, जिथे चेहरा असायचा, तिथे आड होता. फ्लॅशच्या उजेडाने चकाकलेला कपाळाचा एक ठिपका तेवढा त्या आडातून टेंगळासारखा वर आला होता.

“सर, काळं तेवढं खोल जातंय,” मुलगा म्हणाला. “आबांना जरा गोरं करावं लागंल.”

आई तिथेच स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, “होते तसे ठेव बाबा. हळदीच्या रानात जल्म गेला त्यांचा. गोरं कुठून आणतो?”

मुलाच्या बोलण्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. धंद्याच्या भाषेत त्याने बरोबरच सांगितले होते. चेहऱ्याचे आकडे वाढवल्याशिवाय चेहरा वर येत नाही. पण ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातीत रंग सांगितला जातो, स्टुडिओवाला न विचारता चेहरा उजळून देतो, तिथे यंत्रानेही वर येण्याची अट गोरेपणाच घालावी, हे माझ्या घशात अडकले. दोन दिवस मी त्यावर मनातल्या मनात एक संतप्त लेख लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी दुसरी बाजू ध्यानात आली. सागवानाला एकच रंग असतो. फाइल नीट झाली, तर पटका, मिशी, कातडी, सगळे सागवानी. आबांचा काळेपणा आणि गावच्या पाटलांचा गोरेपणा त्या फळीत वेगळा दाखवताच येणार नाही. म्हणजे आबांचा रंग लाकडात उरलाच असता तर तो केवळ चुकीच्या रूपाने, खड्डा होऊन. काम चांगले झाले की रंग जाणार होता. आईला हे समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग ते ओळखू कशानं यायचे?” या प्रश्नाला साहित्यसमीक्षेत उत्तर असेल, माझ्याकडे नव्हते.

आता एक मार्ग असा निघाला आहे की एकाच छायाचित्रावरून खोलीचा अंदाज संगणकच बांधतो. असंख्य चित्रांवरून तो ‘नाक साधारण किती वर असते’ हे शिकलेला असतो. मुलाने तेही करून पाहिले. चेहरा छान गोल वर आला, नाक सरळ, गाल भरलेले. कोणत्याही गावच्या सुखी माणसाचा चेहरा होता तो. भावाला आवडलाही.

मग माणसे गोळा झाली. आत्या कळमनुरीहून आली, चुलतभाऊ आला, आणि पडद्यासमोर आबांच्या चेहऱ्याची साक्ष सुरू झाली. आत्या म्हणाली, एक गाल बसलेला होता. आई म्हणाली, तो दाढा काढल्यावर बसला, आधी नव्हता. आत्या म्हणाली, डावा. चुलतभाऊ म्हणाला, उजवा. आणि थोड्या वेळाने लक्षात आले की तो समोरून बघणाऱ्याचा उजवा सांगत होता. छायाचित्राचा येथे उपयोग नव्हता, स्टुडिओवाल्याने गाल केव्हाच सारखे करून ठेवले होते. मला त्या गर्दीत म्हाइंभटांची आठवण झाली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांनी अशाच गोळा केल्या, ज्याने पाहिले त्याच्याकडे जाऊन, विचारून. आणि दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही ठेवली. असा जो दुसऱ्याचा पाठ, त्याला महानुभाव परंपरेत ‘वासना’ म्हणतात. फ्रान्समध्ये 1860 साली फ्रांस्वा विलेम याने माणसाला गोल खोलीच्या मध्ये उभे करून भोवतीच्या 24 कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपले आणि त्या बाह्याकृतींवरून त्याचा पुतळा करण्याची पद्धत काढली. विलेमचे चोवीस साक्षीदार एकमेकांशी भांडत नसत, हा त्याचा फायदा. आणि म्हाइंभटांना कागदावर दोन पाठ शेजारी लिहिता आले, हा त्यांचा. फळीला ती सोय नाही. गाल एकदाच कोरता येतो.

शेवटच्या चार महिन्यांत आबांची दाढी मी करीत असे. वस्तरा त्या खळग्यात नीट बसत नसे, म्हणून दर वेळी म्हणावे लागे, “आबा, आतून जीभ लावा.” ते जीभ लावत, गाल वर येई, आणि तेवढ्यात दोन हात मारून घ्यायचे. जीभ खाली गेली की गाल पुन्हा आत. हे मी दुकानात सांगितले, तेव्हा सगळे गप्प झाले आणि मुलाने माउस हातात घेऊन विचारले, “किती खोल होतं, सर?”

मी अंगठ्याचे पेर दाखवले. त्याने हिशेब केला. कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा चेहरा दहा-बारा सेंटिमीटरचा, तो आपण एका सेंटिमीटरमध्ये दाबून बसवतो. म्हणजे सगळे दहा हिश्शांनी कमी. “एक मिलिमीटर धरतो,” तो म्हणाला. व्यक्तिचित्र शिकवताना आम्ही ‘नेमका तपशील’ असे फळ्यावर लिहितो. त्याचे माप यापूर्वी मला कोणी विचारले नव्हते.

कामाला चार तासांहून जास्त वेळ लागला. 30 बाय 40 सेंटिमीटरची फळी, दोन ओळींत 0.2 मिलिमीटरचे अंतर; कातणी त्या एवढ्याशा फळीवर सहाशे मीटर चालली. मध्ये वीज गेली नाही, हे आमच्याकडे नमूद करावे लागते. शेवटी डोळ्यांच्या कडा मुलाच्या वडिलांनी पटाशीने साफ केल्या, कारण तिथे बिट पोचत नाही. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. काचेआडच्या तसबिरीला तिने हार घालण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. फळीवर तिने बोटे फिरवली, आधी पटक्यावरून, मग कानापाशी थांबून हात मागे घेतला. दुकानात बाहेरची माणसे होती.

आबा ओळखू येतात का? आत्याला येतात, आईला ‘बऱ्यापैकी’ येतात, नातवंडांना हेच आबा. पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न पडत नसे. गेलेल्या कर्त्या माणसाचा टाक करून देवघरात बसवीत, तो ठशावर ठोकलेला. आजोबा आणि पणजोबा यांच्या टाकांत चेहऱ्याचा फरक शोधू नये. वीरगळावरचा वीरही एका गावातून दुसऱ्या गावात तसाच लढत असतो, वर चंद्रसूर्यही तेच. साम्याचा आग्रह कॅमेऱ्याने आणला, आणि एकदा तो आला की परत जात नाही.

वास्तुशांतीनंतर महिनाभराने त्या मुलाचा फोन आला. सेनगावकडच्या एका कुटुंबाचे म्हातारबा कोरायचे होते. चेहरा ठीक होता, पण छायाचित्रात पटका अर्धा कापला गेला होता. “सर, आबांच्या पटक्याची फाइल वापरू का? घड्या एकदम भारी आल्यात.” मी आईला विचारले. ती म्हणाली, “वापरू दे की. पटका काय, सगळ्यांचा सारखाच असतो. गाल नको देऊ म्हणावं.”