महागड्या देशांतील काटकसर

वाशीमकडील माणूस दूरच्या प्रवासास निघाला, कीं प्रथम शिदोरी बांधावयास घेतो. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशास जातांनाही ही चाल सोडूं नये. मात्र पेढे व साजूक तूप घरींच ठेवावें; भारतांतून दूधदुभत्याचे पदार्थ तेथें नेण्यास मनाई आहे. चिवडा, मेतकूट खुशाल न्यावें.

मुक्कामीं पोहोंचल्यावर पाणी विकत घेऊं नये. एकट्या झुरिक शहरांत १,२०० हून अधिक कारंजीं आहेत. मनाईची पाटी नसेल तर त्यांचें पाणी निर्धास्त प्यावें. उपाहारगृहांचा खर्च डोईजड होतो, यास्तव ‘मिग्रो’ किंवा ‘कोप’ या दुकानांतून पाव, दहीं, फळें आणावीं. रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात, म्हणून बाजार शनिवारींच उरकावा. रेल्वेचें ‘हाफ फेअर कार्ड’ घेतल्यास बहुतेक तिकिटें निम्म्या दरांत मिळतात. सोबत ‘फॅमिली कार्ड’ मागून घेतलें, तर १६ वर्षांखालील मुलांस आईबापांबरोबर सहसा भाडें पडत नाहीं.

एवढें वांचवावयाचें तें कशासाठीं? १९१२ सालापासून एक आगगाडी डोंगराच्या पोटांतून ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखपर्यंत जाते. तिकीट भारी, म्हणून घरांतील वडीलधारीं माणसें ‘आम्ही खालींच बसतों’ म्हणतात. सुज्ञ मुलासुनांनीं तें ऐकूं नये. वैद्याची हरकत नसेल, तर त्यांना अवश्य वर न्यावें. तेथून आल्प्सांतील सर्वांत लांब अशी आलेच हिमनदी दिसते. वऱ्हाडच्या उन्हांत जन्म गेलेल्या डोळ्यांना असें दृश्य पुन्हां कधीं लाभणार? पाण्याचे व जेवणाचे वांचविलेले पैसे खर्चण्याचें खरें ठिकाण तेंच होय.