पिवळ्या फरशांची वाट

पुण्याच्या वाचकांना ओकायामा हे नाव नवे नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ म्हणूनही ओळखले जाते. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवरून ते बेतले आहे. आमचा मुलगा त्या शहरात शिकायला गेला आणि गेल्या वर्षी त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले. बाग पाहिली, पण मला लिहायचे आहे ते तिथल्या रेल्वे स्टेशनबद्दल.

आपल्याकडे जसे मनमाड किंवा भुसावळ, तसे तिकडे ओकायामा. १९७२ साली ओसाकाहून बुलेट ट्रेन पुढे निघाली ती आधी इथपर्यंतच आली. उत्तरेच्या डोंगरांकडे जाणारी गाडी इथूनच सुटते. समुद्रापलीकडच्या शिकोकू बेटावरही इथूनच जाता येते. त्यासाठी १९८८ मध्ये मोठा पूल झाला. वरून मोटारी धावतात, खालून रेल्वे. एवढ्या गाड्या म्हणजे गर्दी, जिने आणि फलाटांचा गुंता आलाच.

माझ्या शौहरांची नजर काचबिंदूने सात वर्षांपूर्वी गेली. तीस वर्षे मुलांना गणित शिकवलेला माणूस. तेव्हापासून घराबाहेर ह्यांचा हात माझ्या कोपरावर असतो. तक्रार कधी केली नाही. मात्र कुठे निघायचे म्हटले की, “राहू दे, तुला त्रास,” एवढेच म्हणत. हळूहळू बाहेर पडणेच सुटले होते.

स्टेशनात शिरताच ह्यांच्या काठीला खाली काहीतरी खडबडीत लागले. “हे काय?” मी पाहिले, पिवळ्या फरशांची एक पट्टी थेट आत गेली होती. मुलगा म्हणाला, “अब्बा, लांब रेघा लागल्या की चालत राहायचे. गोल टिपके लागले की थांबायचे. पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड असते.” ह्यांनी चपलेच्या तळव्याने दोन्ही तपासून पाहिले.

या फरशा याच शहराची देणगी आहे. मियाके सेइइची नावाच्या गृहस्थाने आपल्या एका मित्राची नजर जाताना पाहिली आणि १९६५ मध्ये पदरचे पैसे घालून ही फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. पुढे जपानी रेल्वेने ती घेतली आणि आज ती जगभर आहे. योगायोग असा की ओकायामा स्टेशनही १८ मार्चलाच, १८९१ साली सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलावरून ताकामात्सूला जाऊन आलो. परत येऊन फलाटावर उतरलो तेव्हा हे म्हणाले, “हात सोड. मी जातो.” माझा जीव वर-खाली झाला, पण मुलाने मला डोळ्यांनी गप्प केले. आम्ही दहा पावले मागे राहिलो. पट्टीवर बॅग घेऊन उभी असलेली एक बाई काठीचा आवाज ऐकताच बाजूला झाली. टिपक्यांवर हे थांबले, कठडा हाताला लागला तसे सावकाश वर चढले, आणि तिकिटाच्या दारापाशी जाऊन आमची वाट पाहत उभे राहिले. आम्ही पोहोचताच पायऱ्यांचा आकडा सांगितला! मग म्हणाले, “उद्या पुन्हा येऊ या.” सात वर्षांत पहिल्यांदा बाहेर जायचे ह्यांनी सुचवले होते.

अशा पट्ट्या आता आपल्याकडे मेट्रोत, फलाटांवर, काही फुटपाथांवरही दिसतात. पण त्यांच्यावर कुठे टोपली, कुठे मोटारसायकल, कुठे दुकानाची पाटी उभी असते. वाटेतला काटा दूर करणे हाही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परतल्यावर आम्ही गल्लीतल्या शेजाऱ्यांना एवढेच विनवले की, मशिदीकडच्या बाजूला गाड्या लावू नका. लोकांनी ऐकले. अल्हम्दुलिल्लाह, आता फजरला हे भिंतीच्या कडेने काठी टेकत एकटेच जातात.

तुमच्या दारासमोर, दुकानासमोर अशी पट्टी असेल, तर आज एकदा पाहून घ्या. तिच्यावर आपले काही ठेवलेले नाही ना?