फुल फ्रेम आणि पानाची खालची बाजू



खरड छाटणी उरकली. काड्या बांधावर पडल्यात, मजूर दोन दिवस दुसरीकडे गेलेत, हात मोकळे आहेत. म्हणून एक राहिलेली नोंद लिहितो. नोंद कॅमेऱ्याची आहे, पण शेवटी बागेतच येते, तेव्हा धीर धरून वाचा.

पेजवर तुम्ही जे फोटो बघता ते निकॉनच्या डी ५३०० वर काढलेले असतात. २०१३ सालचं मॉडेल. माझा पुतण्या तालुक्याला लग्नाचे फोटो काढतो, त्याचा वापरून झालेला. "नाना, बागेत फिरायला तुम्हाला चालेल," म्हणून त्याने दिला. चालला पण.

पण मागच्या ऑक्टोबरपासून माझ्या डोक्यात फुल फ्रेम बसला होता. निकॉनचा झेड ५ जुलै २०२० मध्ये आला होता. त्याला चार वर्षं होऊन गेली, आता पुढचा येणार असं पुतण्या म्हणायचा. मग काय, तालुक्याला औषधं आणायला गेलो की त्याच्या दुकानात चहा आणि हीच चर्चा. फवारणीच्या वहीत मागच्या पानावर मी यादीच केली होती: काय काय पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्यात जिथे उजेड पडतो त्याला सेन्सर म्हणतात. फुल फ्रेमचा सेन्सर जुन्या रिळाच्या एका चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्यातला साडेतेवीस बाय साडेपंधरा. म्हणजे फुल फ्रेमचं क्षेत्र दुपटीहून जास्त. जास्त क्षेत्र म्हटलं की शेतकऱ्याचे डोळे चमकणारच.

पुतण्याचा हट्ट मेगापिक्सेलचा. "सोनीच्या ए ७ फोरला ३३ आहेत. निकॉनने परत २४ च दिले तर घ्यायचा कशाला?" माझा हट्ट फिरणाऱ्या स्क्रीनचा. जुन्या झेड ५ ची स्क्रीन नुसती वरखाली व्हायची. मला बाजूला उघडून फिरवता आली पाहिजे, म्हणजे कॅमेरा पानाखाली धरून वरून बघता येतं. गुडघे आता पहिल्यासारखे वाकत नाहीत. ती सोय माझ्या डी ५३०० ला आहे, हे मी त्या चर्चेत सोयीने विसरत होतो.

आता ऑक्टोबरलाच हे डोक्यात का बसलं, ते सांगतो. हे सांगायला सहा महिने लागले.

गोडी छाटणीनंतर पाऊस झाला होता. संध्याकाळी उशिरा मांडवाखाली एका पानावर पिवळसर डाग दिसला. उजेड गेलेला. आयएसओ ६४०० वर टाकून वरच्या वर एक फोटो काढला. फोटो रवाळ आला, हिरव्या सावलीत रंगही गेला. मी पेजवर टाकून लिहिलं, "मॅग्नेशियमची कमतरता वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीत फिरताना तेच पान उलटं केलं. खाली पांढरी लव. डाऊनी. मॅग्नेशियमचा पिवळेपणा जुन्या पानांवर येतो, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हा डाग कोवळ्या पानावर, गोल आणि तेलकट होता. दिवसा बघितला असता तर नवख्यानेही ओळखला असता. मी तासाभरात ब्लोअर जोडला आणि माझी बाग फवारून घेतली.

पेजवरची नोंद दुरुस्त केली ती तिसऱ्या दिवशी. कामाच्या घाईत राहून गेली.

त्या मधल्या दिवसांत चार कोसांवरच्या एका तरुण शेतकऱ्याने तो फोटो बघितला. त्याच्या बागेतही तसेच डाग होते. त्याने मॅग्नेशियम सल्फेट फवारलं आणि थांबला. डाऊनी थांबत नाही. ओल मिळाली की पानावरून घडावर जाते. त्याचे बरेच घड कोवळ्यातच सुकले. एक एकराची बाग, त्याची स्वतःची पहिलीच. मला फोन केला, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "नाना, तुमचा फोटो बघून थांबलो होतो."

त्या रात्री मी पुतण्याला विचारलं, अंधारात चांगला फोटो येणारा कॅमेरा कोणता. तिथून फुल फ्रेम सुरू झाला.

फेब्रुवारीत आमच्या भागातले एक सल्लागार बागेत आले होते. कृषी पदवीधर, वयाने लहान पण अभ्यासू. त्यांना वही दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "नाना, फुलकिडा केवढा असतो?" म्हटलं, साधारण एक मिलिमीटर. "मग हिशोब करा."

दोघांनी छाटणीच्या वहीत हिशोब केला. मायक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढीच उतरवता येते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमला आडवे ६०४८ ठिपके, ३६ मिलिमीटरमध्ये. म्हणजे एका मिलिमीटरला १६८. पुतण्याच्या ३३ वाल्यालाही १९५ च्या आसपास. माझ्या जुन्याला आडवे ६०००, पण साडेतेवीस मिलिमीटरमध्ये. म्हणजे २५५. त्याच फुलकिड्यावर माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे ठिपके जास्त पडतात. क्षेत्र मोठं, पण एकरी उतारा कमी. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरं. तेवढंच दृश्य, तेवढंच छिद्र ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर पुढचंमागचं लवकर धूसर होतं. लग्नात नवरीमागचा मांडव धूसर झाला तर फोटो छान दिसतो. घडाच्या फोटोत पुढचे चार मणी स्पष्ट आणि मागचे धूसर झाले, तर रोग नेमका मागच्या मण्यावर असतो.

फुल फ्रेम वाईट आहे असं नाही. कमी उजेडात तो चांगलाच पुढे आहे. पहाटे दवात, ढगाळ दिवशी मांडवाखाली फरक दिसतो. पूर्ण प्लॉटचा फोटो काढताना सावलीतली पानं आणि वरचं आभाळ दोन्ही सांभाळतो. पुतण्याच्या धंद्याला तोच पाहिजे.

३ एप्रिल २०२५ ला झेड ५ टू जाहीर झाला. पुतण्याचा लगेच फोन. साडेचोवीस मेगापिक्सेल, नवा एक्स्पीड ७ प्रोसेसर, दोन कार्डांची जागा, जवळजवळ अंधारातही फोकस. आणि स्क्रीन बाजूला उघडून फिरणारी! माझ्या यादीतलं जवळपास सगळं. बॉडीच लाखाच्या वर, लेन्स वेगळी. व्यापाऱ्याचे पैसे नुकतेच आले होते, म्हणजे अगदीच अशक्य होतं असंही नाही.

रात्री वही घेऊन बसलो. यादी वाचली. त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी हा कॅमेरा हातात असता तर काय झालं असतं? पानाच्या वरच्या बाजूचा फार सुंदर फोटो आला असता. पान मी उलटं केलंच नव्हतं. आणि दुरुस्ती तरीही तिसऱ्या दिवशीच केली असती.

कॅमेरा घेतला नाही. जुन्यासाठी ८५ मिलिमीटरची वापरलेली मायक्रो लेन्स घेतली. पुतण्या ४० ची म्हणत होता, पण तिला पानाच्या इतकं जवळ जावं लागतं की लेन्सचीच सावली पडते.

परवा त्या तरुणाच्या बागेत जाऊन आलो. त्याचीही खरड छाटणी झालीय. चहा पाजला. ऑक्टोबरचा विषय त्याने काढला नाही, मीच काढला. चूक माझी होती हे समोर बसून सांगितलं. तो म्हणाला, "पान तर मीही उलटं केलं नाही, नाना." तरी माझं ओझं तेवढ्याने उतरत नाही.

आता या पेजवर एक रीत पाडतोय. रोगाचा फोटो टाकायचा तर चार टाकायचे: पानाची वरची बाजू, खालची बाजू, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून जवळून, आणि पूर्ण वेलाचा. सोबत छाटणीला किती दिवस झाले ते. शक्यतो दिवसा, स्वतःच्या अंगाच्या सावलीत पान धरून. मोबाइलवर काढला तरी चालेल. आणि माझी नोंद चुकली असं कळलं, तर ब्लोअर जोडायच्या आधी पेजवर दुरुस्ती पडेल. हे तुमच्यासमोर लिहून ठेवतोय, मला धरा.

पुतण्या काल म्हणाला, "नाना, दिवाळीला ऑफर लागली की सांगतो."

म्हटलं, सांग. ऐकायला पैसे पडत नाहीत.