लोणावळ्यास नेलेली पाठ

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुण्याहून लोणावळ्यास गेलो, ते बोरघाटाची शोभा पाहावयास नव्हे. आमच्या वहिनींची पाठ दोन वर्षे दुखत होती. लेप झाले, शेक झाले, कमरेचा पट्टा झाला. शेवटी एमआरआयची चित्रेही निघाली. मणक्यांमधील एक चकती किंचित पुढे आलेली आहे, हे कळताच वहिनींनी वाकणे सोडले, देवळास जाणे सोडले, नातवाला उचलणे सोडले. मात्र पहाटे सर्वांच्या आधी उठणे आणि रात्री सर्वांच्या मागून निजणे, हे काही सुटले नाही.

लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापिले. त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात त्यांनी यौगिक क्रियांचे क्ष-किरणांच्या साह्याने केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. श्रद्धेला प्रयोगाची कसोटी लावणाऱ्या या वास्तूत आम्ही वहिनींसह पंधरा दिवस राहिलो.

तेथील वैद्यांनी चित्रे पाहून बाजूस ठेविली आणि विचारिले, “झोप किती लागते? दिवसातून किती वेळ स्वस्थ बसता? घरात काळजी कसली आहे?” आम्ही मनातून थोडे ओशाळलो. दोन वर्षांत यातला एकही प्रश्न घरात कोणी विचारिला नव्हता!

मग त्यांनी समजाविले की, वेदना मुळीच नसलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रांतही अशा चकत्या आढळतात. तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे केवळ मणक्यात राहत नाही. अपुरी झोप, भीती, हालचालीचा अभाव आणि मनावरचा भार ही सारी त्यास पोशीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे. व्यायाम, दुखण्याचे योग्य ज्ञान व मनाचे उपचार यांस तीत स्थान आहे. कमरपट्टा आणि ताण देण्याचे उपचार यांची मात्र नित्याकरिता शिफारस नाही.

पहाटेच्या गारव्यात वहिनी प्रथम नुसता दीर्घ श्वास घेत. चौथ्या दिवशी त्या भीत भीत वाकल्या. आठव्या दिवशी आश्रमाच्या झाडीतून अर्धा तास चालून आल्या, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर कित्येक दिवसांनी हसू दिसले.

येथे एक सूचना अवश्य केली पाहिजे. पायांत दुर्बलता येणे, बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप येणे अथवा विनाकारण वजन घटणे, ही लक्षणे दिसल्यास आसनांची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

परतीच्या लोकलमध्ये वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तिथे बरे वाटले खरे, पण घरी पहाटेचा चहा कोण ठेवील?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. औषध कोठे कमी पडत होते, हे त्या एका प्रश्नाने दाखविले.

आता चहा आम्ही ठेवितो, रात्रीची झाकपाक मुले करितात आणि संध्याकाळी वहिनी फिरावयास जातात. दुखणे समूळ गेले असे म्हणणे असत्य ठरेल. अधूनमधून ते डोके वर काढते. परंतु गेल्या आठवड्यात त्यांनी नातवाला कडेवर घेतले. पाठ एकीची असली, तरी तिच्यावरचे ओझे साऱ्या घराचे होते, हे समजण्यास आम्हांस लोणावळ्यापर्यंत जावे लागले.